दोन थेंबांची डॉक्टरकी

"थेंबच तर घालायचेत, त्याला डॉक्टर कशाला?" हे वाक्य माणसांच्या बाबतीत जन्मभर ऐकलं. आता अमेरिकेत लेकाकडे आल्यावर सरड्याच्या बाबतीतही ऐकते आहे, आणि मला राग येतो.

सरडा म्हणजे आपल्या कुंपणावर मान हलवणारा नव्हे. हा शॅमेलिऑन, मूळचा येमेनकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला. (आपल्याकडेही त्याचा भाऊबंद आहे, घोयरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरात ठेवता येत नाही, ते बरंच आहे.) इथे मुलं तो हौसेने पाळतात. नातवाच्या मित्राच्या शॅमेलिऑनचा डोळा सुजून मिटला, तर दुकानदार म्हणाला, घरात असतील ते थेंब घाला.

कुठले थेंब, बाबा? कित्येक बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, चिघळते, भोकसुद्धा पडू शकतं. जखम आहे की नाही हे डॉक्टर डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग घालून बघतात. दुकानदार कशाने बघणार? शिवाय या प्राण्याच्या पापण्या जुळलेल्या, मधे बाहुलीपुरती फट. डोळ्यातलं औषध नळीवाटे तोंडात उतरतं. शंभर-दीडशे ग्रॅमच्या जिवाला माणसाचा एक थेंब म्हणजे किती, हे त्रैराशिक माझ्या वर्गातल्या ढ पोरानेही मांडलं असतं.

बरं, पुष्कळदा मूळ दुखणं डोळ्यात नसतंच. नुसत्या किड्यांवर पोसला की 'अ' जीवनसत्त्व कमी पडून पापण्या सुजतात. हा प्राणी सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. फवारणी कमी पडली की डोळे खोल जातात. अतिनील दिवा फार जवळ टांगला तरी डोळे दुखतात. 'अ' जीवनसत्त्वही अंदाजाने देऊन चालत नाही, जास्त झालं की विषबाधा. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन झोपलेला नसतो, आजारी असतो. नेम धरून जीभ फेकणारा प्राणी तो. दिसेनासं झालं की उपाशी मरायचा.

खरी अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांची फी सरड्याच्या किमतीहून जास्त! मग आणू नये ना घरात. गाय घेताना चाऱ्याचा हिशेब करतोच की आपण. जवळ डॉक्टर नाही, ही सबबही पुरत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची संघटना इथे १९९१ पासून आहे, आणि कुत्र्यामांजरांचे डॉक्टरही अशा जाणकारांना फोन करून विचारू शकतात. वेळ मिळेपर्यंत फवारणी वाढवा, दिवा तपासा, फार तर औषध नसलेल्या निर्जंतुक सलाइनने डोळा धुवा. कपाटातली बाटली कपाटातच राहू दे.