दमायचं नाही, पोहायचं!

'पोहता येतं का रे?' या प्रश्नाला आपल्यातले बरेच जण बिनधास्त 'हो' म्हणतात. शाळेत असताना उन्हाळी सुट्टीतली बॅच केलेली असते, फ्रीस्टाइलने धापा टाकत टँकच्या दुसऱ्या टोकाला पोचता येतं, विषय संपला! माझं मत विचाराल तर ही परीक्षाच चुकीची आहे. किती जोरात जाता ते सोडा हो, न दमता किती वेळ जाता ते सांगा.

अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंची प्रवेश-चाचणीच बघा ना. ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर, साडेबारा मिनिटांत. शंभर मीटरला पावणेतीन मिनिटं! ही अर्थात किमान अट. निवड व्हायची तर यापेक्षा बरंच लवकर पोचावं लागतं. पण गंमत पुढे आहे. जेमतेम दहा मिनिटं विश्रांती, की लगेच पुशअप्स, पुलअप्स आणि दीड मैल धावणं. म्हणजे पोहून बाहेर आल्यावर अंगात काय शिल्लक आहे, तेही तपासलं जातं.

म्हणूनच तिथे 'कॉम्बॅट साइडस्ट्रोक' शिकवतात. शरीर सरळ ताणून पाण्यात घसरायचं. वरचा हात मांडीपर्यंत ओढायचा, अंग कुशीवर वळलं की श्वास घ्यायचा, मग खालचा हात ओढायचा. दोन्ही हात छातीजवळून पुढे नेताना पायांनी कात्रीसारखी लाथ, आणि मग... काही नाही! चेहरा पाण्यात, नजर तळाकडे, नुसतं घसरायचं. हात पाण्याखालीच राहतात, त्यामुळे शिंतोडे कमी आणि शत्रूला दिसण्याची शक्यताही कमी.

यामागचं गणित आपण इंजिनिअरिंगला शिकलोय. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट आणि लागणारी पॉवर आठपट. त्यामुळे जास्त जोर लावण्यापेक्षा विरोध कमी करणं केव्हाही स्वस्त. डोकं वर काढलं की पाय बुडतात, आणि मग आपण अख्खं शरीर नांगरासारखं ओढत बसतो.

कोणी म्हणेल, फ्रीस्टाइल सगळ्यात वेगवान आहे. मान्य! सराव असलेल्याला ती स्वस्तातही पडते. पण आठवड्यातून एकदा टँकवर जाणाऱ्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय? ऑफिसात रात्री दहापर्यंत बसलेला तो 'मेहनती', तसंच पाण्यात जास्त हातपाय मारेल तो 'स्ट्राँग'. हा हिशोब दोन्हीकडे खोटा आहे. फरक इतकाच की पाण्यात त्याची किंमत लगेच मोजावी लागते.

कोकणात वीकेंड ट्रिपला गेलेली पोहता येणारी मुलंही बुडतात, कारण आत ओढणाऱ्या प्रवाहाशी झुंजून ती थकतात. तिथे गरज असते ती शांतपणे तरंगत राहून, किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडण्याची. उधाणलेल्या समुद्रात कुठलाच स्ट्रोक हमी देत नाही, तिथे उतरूच नये. पण ताकद राखून ठेवायची सवय आधी टँकमध्येच लागते.

तेव्हा येत्या शनिवारी घड्याळ लॉकरमध्ये ठेवा आणि २५ मीटरला किती स्ट्रोक लागतात तेवढं मोजा. महिन्याभरात तो आकडा कमी झाला, की खुशाल म्हणा, 'हो, पोहता येतं!'