सोंग किती हुबेहूब असावे?

नाणे टाकून खेळावयाच्या ज्या पेट्यांनी १९७८ नंतरच्या काही वर्षांत जपान व अमेरिका येथील तरुणांस वेड लावले, त्यांपैकी एकही पेटी आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमचा त्यांच्याशी परिचय झाला तो 'एम्युलेटर'च्या द्वारे. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग आजच्या संगणकाकडून वठवून घेणारी आज्ञावली. यांपैकी 'मेम' ही विख्यात असून इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ती १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केली. आता प्रश्न असा की, हे सोंग किती हुबेहूब असावे? खेळाचे नियम तेवढे राखून चित्र आजच्या रुचीप्रमाणे झळझळीत करावे, की जुन्या काचेवर ते दिसे तसेच ठेवावे?

जुने ते सर्वच सोने मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तथापि या बाबतीत आमचा कौल जुन्या रूपाच्या बाजूने आहे. ज्याने मूळ वस्तू पाहिलीच नाही, तो समोर येईल तिलाच मूळ समजतो, आणि ही स्थिती आमचीच आहे. शिवाय ज्या काचेच्या किरणनलिकांवर हे खेळ दिसत, त्यांची निर्मिती आता जवळजवळ थांबली असून उरलेल्या नलिका एकामागून एक निकामी होत आहेत. उद्या पडताळून पाहू म्हटले, तरी मूळ प्रत सापडावयाची नाही.

'स्पेस इन्व्हेडर्स' याच खेळाचे पाहा. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला हा खेळ ताइतो कंपनीने १९७८ साली बाजारात आणला. त्याच्या पहिल्या पेट्यांतील पडदा कृष्णधवल होता. पुढे रंग आले ते कित्येक पेट्यांत पडद्यावर चिकटविलेल्या पारदर्शक पट्ट्यांमुळे. खाली तोफ व तटबंदी यांवर हिरवी पट्टी, वर तबकडी जेथून जाई तेथे तांबूस. त्यामुळे गंमत अशी होई की, परग्रहवासी उतरत उतरत हिरव्या पट्टीमागे आला की तोही हिरवा होई! काही उभ्या पेट्यांत तर चित्र आरशातून परावर्तित होऊन चंद्राच्या रंगविलेल्या देखाव्यावर तरंगत असे. हे काहीही खेळाच्या आज्ञावलीत लिहिलेले नाही. केवळ आज्ञावली चालवून पांढरे ठिपके दाखविणारा एम्युलेटर शब्दशः खरा असूनही चित्र मात्र खोटे दाखवितो. 'मेम'मध्ये या पट्ट्या व देखावेही जोडता येतात, हे आम्हांस फार योग्य वाटते.

यंत्राच्या दुर्बलतेचेही तसेच. त्या खेळात एकूण ५५ परग्रहवासी असत आणि यंत्र एका वेळी एकच हलवी. जसजसे ते मारले जात, तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागत. ही अडचण निशिकादो यांनी मुद्दाम राहू दिली, आणि खेळाचा सारा थरार तीतच आहे. आजच्या वेगवान संगणकावर वेग समान ठेवून ती 'सुधारली', तर उरते काय?

काही ठिकाणी तर अज्ञानानेच रूप बिघडते. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' चे चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचे आहे; परंतु पडदा ४ बाय ३ प्रमाणाचा असल्यामुळे ते आडवे आवळून दिसे. आज प्रत्येक ठिपका चौकोनी धरून ते दाखविले की सगळे मल्ल फुगलेले दिसतात. आम्ही स्वतः कित्येक दिवस ते तसेच असावेत असे समजत होतो.

मग जुन्या पेटीचा प्रत्येक डाग जपावा काय? मुळीच नाही. 'पॅक-मॅन' वर्षानुवर्षे चालू राहिल्याने काचेवर भिंतींची पुसट छाया कायमची उमटे. ती त्या विशिष्ट पेटीची झीज होय, खेळाचे अंग नव्हे. उलट त्याच खेळाच्या २५६ व्या टप्प्यात पडद्याचा उजवा अर्धा भाग अर्थहीन अक्षरांनी भरून जातो. टप्प्याचा आकडा ज्या जागेत साठविला जाई, तीत २५५ पर्यंतचीच संख्या मावत असे. ही चूक प्रत्येक पेटीत होती, म्हणून ती राखलीच पाहिजे. कर्त्याची चूक ठेवावी आणि काळाची झीज वगळावी, असा आमचा दंडक आहे.

याच न्यायाने, जुनेपणाचा आव आणण्यासाठी जाड काळ्या रेघा आणि वाजवीपेक्षा वाकलेल्या कडा दाखविणारे एम्युलेटरही आम्हांस मान्य नाहीत. खऱ्या काचेवर रेघा असत, ठिपक्यांच्या कडाही मृदू होत. परंतु तुरुंगाच्या गजांतून पाहिल्यासारखे चित्र कोणी पाहिले नव्हते. हे सोंग नसून विडंबन आहे.

लहानशा मोबाइलवर खेळणाऱ्यास स्वच्छ चित्र हवे असेल, तर त्याला आमची आडकाठी नाही. त्यासाठी एक कळ असावी. खेळ उघडताच प्रथम दिसावे ते मात्र मूळ रूप.

अडचण उरते ती 'ॲस्टरॉइड्स'सारख्या खेळांची. अटारी कंपनीच्या १९७९ च्या या खेळात किरण ठिपके न मांडता थेट रेषा काढीत असे, आणि गोळी ज्या बिंदूवर दिसे तेथे तो क्षणभर थबकल्याने ती ठिणगीसारखी लखलखे. ठिपक्यांनीच बनलेल्या आजच्या पडद्यावर ते तेज तंतोतंत उतरत नाही. अशा वेळी एम्युलेटरने खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर तसे स्पष्ट लिहावे, एवढीच आमची मागणी आहे.