जवारी आणि प्लगइन

पूर्वपक्ष असा मांडला जातो: गळ्यातून किंवा वाद्यातून निघाला तो आवाज खरा, संगणकातल्या रिव्हर्ब, डिले, पिच-करेक्शन अशा प्लगइनांनी त्यावर जे चढवले, तो मुलामा. मुलाम्याने तांब्याचे सोने होत नाही, म्हणून अशा ध्वनीची जागा कलेत दुय्यमच. असे म्हणणारे बहुतेक जण संगीतावर जीव लावणारे असतात, म्हणून त्यांना उत्तर नीट द्यायला हवे. त्यांचे गृहीत हे की, कोणताही संस्कार न झालेला एक मूळ ध्वनी कुठेतरी असतो. तंबोऱ्यापुरते बोलायचे तर तो कुठे सापडतो? तार घोडीच्या रुंद, किंचित बाकदार माथ्यावर टेकते, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो आणि तो केसभर पुढेमागे झाला की जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलते किंवा मिटते. वीणा-तंबोऱ्याच्या ध्वनीचा अभ्यास करताना सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवले की, तार ज्या जागी छेडली त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे ठळक ऐकू येतात. नुसत्या तारेपाशी नसलेले काहीतरी घोडी तिला देते. स्टुडिओतले सॅच्युरेशनचे प्लगइन याच जातीचे काम करते: आत आलेल्या ध्वनीत नसलेले उपस्वर ते नव्याने निर्माण करते. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून जवारी काढली तर ती विद्या, आणि त्याच जातीचा परिणाम गणिताने साधला तर ती लबाडी, हा भेद कानाला पटणारा नाही.

यावर म्हटले जाईल की, जवारी वाद्याच्या अंगचीच असते, इफेक्ट मात्र बाहेरून लावतात. पण बाहेरून लावणे संगणकाच्या फार आधीचे आहे. शिकागोत बिल पुटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या हार्मोनिकावादकांच्या ध्वनिमुद्रणाला घुमारा दिला तो न्हाणीघरातून: आवाज तिथे स्पीकरवर वाजवायचा आणि भिंतींवरून परतलेला माइकने पुन्हा उचलायचा. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, जर्मनीत ईएमटी १४० आले. लाकडी पेटीत ताणून बसवलेला पोलादाचा मोठा पत्रा, एकूण वजन अडीचशे किलोंहून अधिक. त्या पत्र्याला आवाजाने थरथरवायचे आणि ती थरथर मूळ ध्वनीत मिसळायची. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या कितीतरी गाण्यांचा जो ओलावा आज ‘नैसर्गिक’ म्हणून वाखाणला जातो, तो या पत्र्याचा आहे. आजचे प्लेट रिव्हर्बचे प्लगइन त्याच पत्र्याचे वागणे आकड्यांत मांडते. पत्रा चालतो आणि आकडे चालत नाहीत, याला सवयीखेरीज कारण दिसत नाही.

सर्वांत मोठा आरोप स्वर दुरुस्त करणाऱ्या ऑटो-ट्यूनवर आहे, आणि त्यात तथ्य आहे. अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे तेलाचा शोध घेणाऱ्या क्षेत्रातले. जमिनीत सोडलेल्या लहरींचे प्रतिध्वनी तपासून थरांचा अंदाज बांधण्याचे गणित त्यांच्या हातातले. लहर थोडी सरकवून तिची स्वतःशीच तुलना करायची, ही त्या गणितातली युक्ती त्यांनी स्वर ओळखायला लावली आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आले. पुढच्याच वर्षी गायिका शेर यांच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात दुरुस्तीचा वेग टोकाला नेला गेला. एका स्वरावरून दुसऱ्यावर जातानाची घसरण नाहीशी झाली आणि गळा पायऱ्या चढल्यासारखा चालू लागला. तिथे ते लपवलेले नाही, गाण्याचे ते मुद्दाम केलेले अंग आहे. हेच यंत्र समान अंतराच्या बारा स्वरांवर बसवून दरबारी रागावर चालवले तर मात्र अनर्थ होतो. दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभा राहत नाही, त्याचे आंदोलन हीच त्याची ओळख. त्याला रेषेवर खिळले की राग उरत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून सिद्ध काय होते? कोणते स्वर बरोबर मानायचे आणि तिथे किती झपाट्याने ओढायचे, हे ठरवणाऱ्याला राग कळत नव्हता, एवढेच. याच न्यायाने हार्मोनियमवरही आक्षेप आला होता, आकाशवाणीने १९४० साली तिला दारातून परत पाठवले होते. तरी श्रुती जाणणाऱ्या साथीदारांनी तिच्याकडून काय करवून घेतले ते महाराष्ट्राने ऐकले आहे. राहिला प्रश्न बेसूर गायचे आणि दुरुस्ती लपवून ते स्वतःचे कसब म्हणून विकायचे याचा. ती फसवणूकच आहे, आणि तिचा दोष लपवणाऱ्याच्या माथी जातो.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: तयार प्रीसेटमुळे सगळ्यांचे सगळे सारखेच वाजू लागते. हे खरे आहे, आणि त्यावरचा उतारा प्लगइन टाकून देणे हा नाही. १९७० च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी यांच्याकडे चार ट्रॅकची यंत्रणा, टेपचा प्रतिध्वनी, स्प्रिंग रिव्हर्ब आणि खालचे स्वर छाटणारा एक फिल्टर, एवढाच संसार होता. मूळचे विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर. तयार गाण्यातून ते गळा काढून घेत, मग एखादाच शब्द परत सोडून त्याचा प्रतिध्वनी ढोलाच्या ठेक्यावर पसरू देत, आणि फिल्टरची खुंटी फिरवत ताल पातळ करत नेत. डब नावाचा सबंध संगीतप्रकार त्या हातांतून उभा राहिला. ते इफेक्ट ‘लावत’ नव्हते, वाजवत होते. म्हणूनच माझे म्हणणे असे की, इफेक्ट हे वाद्य आहे आणि त्याला रियाज लागतो. डिलेची वेळ लयीत बसते की लयीशी झगडते, रिव्हर्बची शेपटी पुढच्या शब्दावर कुठे पडते, हे कानाने शोधावे लागते. प्रीसेट म्हणजे दुसऱ्याने जुळवून दिलेला तंबोरा. आपल्या षड्जाला तो आपणच लावायचा.

आणि वाद्य वाजवणाऱ्याला बदलते, तसे प्लगइनही त्याला बदलते. इस्तंबूलच्या हागिया सोफिया या घुमटाच्या वास्तूत फुगे फोडून त्यांचा नाद स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्रित केला. तिथला घुमारा दहा सेकंदांहून अधिक टिकतो. त्या नोंदींवरून त्यांनी गणिताने तो घुमट उभा केला आणि कॅपेला रोमाना या गायकवृंदाने त्यात जुनी बायझँटाइन पदे गायली; २०१९ मध्ये त्याचा अल्बम निघाला. घुमारा मागाहून चढवलेला नव्हता, गातानाच गायकांच्या कानात होता. काही जणांनी अखंड धरलेला आधारस्वर, आपल्या तंबोऱ्याच्या षड्जासारखा, आणि वरची चाल मागच्या स्वराची शेपटी विरण्याची वाट पाहत पुढे सरकणारी. याला मुलामा म्हणायचे असेल, तर त्या गायकांनी पुढचा श्वास कोणाचे ऐकून घेतला, ते पूर्वपक्षाने सांगावे.