हायब्रिड गाडीचा हिशेब : खतावणीतील आणि आसनावरील

दसरा किंवा पाडवा जवळ आला की व्यापारी घरांमध्ये नव्या गाडीचा विषय निघतो. थोरल्यांना हप्ता आणि पेट्रोलची चिंता, तरुणांना वेग आणि नव्या सोयींचे आकर्षण, तर घरातील वृद्धांना एवढीच अपेक्षा की चढताना-उतरताना कोणाचा हात धरावा लागू नये. गेल्या काही वर्षांत या चर्चेत ‘हायब्रिड’ हा शब्द आला आहे. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार यांच्या संयोगावर चालणारी ही संकरित गाडी चार्जिंगला लावावी लागत नाही आणि पेट्रोलही कमी पिते, एवढे सर्वांना ठाऊक असते. मात्र तेवढ्या माहितीवर सतरा-अठरा लाखांचा व्यवहार करणे शहाणपणाचे नाही.

सांगलीसारख्या शहरातील एखादे संयुक्त कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दोन भावांचे कापडाचे दुकान, थोरल्याची आठवड्यातून दोनदा कोल्हापूर-इचलकरंजीची फेरी, महिन्या-दोन महिन्यांतून पुण्याचा प्रवास आणि घरात गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आई. या कुटुंबासमोर प्रामुख्याने तीन गाड्या येतात : मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आणि होंडाची सिटी ई-एचईव्ही. तिन्ही 2022 साली भारतीय बाजारात आल्या. पैकी पहिल्या दोन गाड्या यंत्ररचनेच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत. बाह्यरूप आणि सजावट एवढाच मुख्य फरक.

प्रथम एक सावधगिरी. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या दोन्ही गाड्या सौम्य आणि पूर्ण अशा दोन प्रकारच्या हायब्रिड रचनांत मिळतात. सौम्य प्रकारात विजेची मोटार इंजिनाला केवळ हातभार लावते; एकट्या विजेवर गाडी चालत नाही. पूर्ण प्रकारात ती काही अंतर इंजिन बंद ठेवूनही चालते. कंपनीने जाहीर केलेले सरासरीचे आकडेही तसेच वेगळे आहेत : सौम्य प्रकाराच्या हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत लिटरला 21.11 किलोमीटर, पूर्ण प्रकारात 27.97. पावतीवर ‘हायब्रिड’ हा शब्द पाहून समाधान मानू नये. कोणता प्रकार, हे आधी विचारावे.

आता आरामाचा विचार. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी आसनाची उंची ही सर्वांत मोठी सोय असते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर उंच बांध्याच्या आहेत. त्यांचे आसन साधारण खुर्चीच्या पातळीवर येते आणि वृद्ध व्यक्तीला फारसे न वाकता बसता येते. मागील आसनाची पाठ थोडी कलतीही करता येते. सिटी ही बसक्या बांध्याची सेडान. तिच्यात आत शिरताना मान आणि गुडघे दोन्ही वाकवावे लागतात आणि उतरताना अंग वर उचलावे लागते. मात्र एकदा बसल्यावर पाय पसरण्यास भरपूर जागा मिळते आणि लांबच्या रस्त्यावर शरीराला कमी हेलकावे बसतात. म्हणजे सिटी बसलेल्याला सुख देते, तर उंच गाडी चढणाऱ्या-उतरणाऱ्याला. घरातील माणसाला यांपैकी कोणत्या क्षणी त्रास होतो, ते पाहून निर्णय करावा.

उपयुक्ततेच्या बाबतीत तिन्ही गाड्यांचे एक समान न्यून आहे आणि ते विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. बॅटरी मागील बाजूस बसविल्यामुळे सामानाची जागा घटते. साध्या सिटीची डिकी 506 लिटरची. हायब्रिड सिटीत ती सुमारे 300 लिटरवर येते. ग्रँड व्हिटाराच्या सौम्य प्रकारात 373 लिटर जागा आहे, पूर्ण हायब्रिडमध्ये 265 लिटर. आकड्यांवरून कल्पना येत नसेल तर घरातील दोन मोठ्या बॅगा, पाण्याचा कॅन आणि डब्यांची पिशवी घेऊन शोरूममध्ये जावे आणि प्रत्यक्ष ठेवून पाहावे. कापडाचे नमुन्याचे गठ्ठे नेणाऱ्या व्यापाऱ्याने तर हे अवश्य करावे. रस्त्यापासूनच्या उंचीतही फरक आहे. ग्रँड व्हिटारा 210 मिलिमीटर उंच राहते, सिटी 165. गावाकडच्या रस्त्यांवर आणि उंच गतिरोधकांवर हा फरक रोज जाणवतो.

चालविण्याच्या अनुभवात या गाड्यांचे स्वभाव स्पष्ट वेगळे होतात. ग्रँड व्हिटारा-हायरायडरमध्ये तीन सिलिंडरचे दीड लिटरचे इंजिन आणि मोटार मिळून सुमारे 116 पीएस शक्ती देतात. टोयोटाने 1997 साली जपानमध्ये प्रियस ही गाडी आणली, तेव्हापासून विकसित होत आलेली ही रचना आहे. ग्रहमालेसारख्या दंतचक्रांच्या जुळणीतून इंजिन आणि मोटार यांचे बळ हवे त्या प्रमाणात चाकांपर्यंत पोहोचते. बाजारपेठेतील संथ गर्दीत ही गाडी वारंवार इंजिन बंद करते आणि आत शांतता राहते. परंतु गाडी भरलेली असताना घाट चढण्यासाठी पाय दाबला की तीन सिलिंडरचा आवाज आणि किंचित कंप आत येतो.

सिटीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि मोटार यांची शक्ती 126 पीएस. येथे कमी वेगाला इंजिन बहुधा वीज निर्माण करते आणि चाके मोटार फिरवते. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना मात्र क्लचद्वारे इंजिन थेट चाकांशी जोडले जाते. त्यामुळे जागेवरून निघताना आणि पुढच्या वाहनाला ओलांडताना तिचा प्रतिसाद अधिक तत्पर असतो. बसका बांधा असल्याने वळणावर ती स्थिर राहते. स्वतः गाडी चालविण्यात रस असलेल्या धाकट्या भावाला हीच पसंत पडेल, यात नवल नाही.

घाट उतरतानाचे एक वैशिष्ट्य सर्व हायब्रिड गाड्यांत आहे. वेग कमी करताना मोटार जनित्राचे काम करते आणि वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत साठवते. ग्रँड व्हिटारात यासाठी ‘बी’ ही गिअरची स्थिती आहे. सिटीत स्टिअरिंगमागील पट्ट्यांनी हे ओढणे कमी-अधिक करता येते. खंबाटकीसारख्या उतारावर याचा उपयोग करावा. ब्रेकवरचा ताण कमी होतो. ब्रेकचा स्पर्श प्रारंभी नेहमीपेक्षा वेगळा वाटतो, म्हणून पहिले काही दिवस सांभाळून चालवावे.

आता खतावणी उघडू या. समजा, साधी पेट्रोल गाडी आणि पूर्ण हायब्रिड यांच्या किमतीत अडीच लाखांचा फरक आहे आणि तो कर्जातून भागविला. दरसाल 9 टक्के व्याजाने 5 वर्षांत या रकमेचा हप्ता सुमारे 5,190 रुपये पडतो. एकूण परतफेड सुमारे 3,11,400. म्हणजे खरा फरक अडीच नव्हे, तीन लाखांहून अधिक आहे. साधी गाडी प्रत्यक्षात लिटरला 15 आणि हायब्रिड 22 किलोमीटर देते, पेट्रोल 105 रुपये लिटर आहे, असे धरावे. वर्षाला 12,000 किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाची बचत सुमारे 26,700 रुपये. फरक वसूल होण्यास साडेअकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. धाव 24,000 किलोमीटर असेल तर बचत दुप्पट होऊन सहा वर्षांच्या आतच फरक फिटतो.

हे आकडे बॅटरीच्या हमीशी ताडून पाहावेत. टोयोटा आणि होंडा दोन्ही कंपन्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. वर्षाला 24,000 किलोमीटर धावणारी गाडी ही मर्यादा सहा वर्षे आठ महिन्यांत गाठते. म्हणजे हमी संपण्यापूर्वीच फरक वसूल झालेला असतो. 12,000 किलोमीटरच्या कुटुंबाची हमी मात्र वसुलीच्या कितीतरी आधी संपते.

व्यापाऱ्यांचा आणखी एक गैरसमज दूर व्हावा. गाडी दुकानाच्या नावावर घेतली म्हणजे जीएसटीची वजावट मिळेल, असे अनेकांना वाटते. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावरील ही वजावट कायद्याने रोखलेली आहे. वाहनविक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहनप्रशिक्षण हा व्यवसाय असणाऱ्यांनाच तिचा अपवाद आहे. सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या हायब्रिड गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. हा कर संपूर्ण खर्चच धरावा.

एवढे वाचून थोरला भाऊ म्हणेल की मग साधीच गाडी घ्यावी. येथे हिशेबातील एक जमा बाजू मोजायची राहते. पूर्ण हायब्रिड गाडी ही मुळातच स्वयंचलित गिअरची असते. अडीच लाखांचा फरक हाताने गिअर बदलण्याच्या गाडीशी काढलेला आहे. कुटुंब तशीही स्वयंचलित गाडीच घेणार असेल, तर फरक समजा दीड लाखावर येतो. व्याजासह तो सुमारे 1,86,800 होतो आणि 12,000 किलोमीटरच्या धावेतही सात वर्षांत, म्हणजे हमीच्या आत, फिटतो. पन्नाशीत क्लच दाबून डावा गुडघा कुरकुरू लागलेल्या थोरल्या भावाने स्वतःलाच विचारावे की पुढची दहा वर्षे तो कोणती गाडी चालवू शकेल.

म्हणून या कुटुंबाने करावयाचे काम सोपे आहे. मागील वर्षाच्या पेट्रोलच्या नोंदी काढून खरी धाव मोजावी. प्रात्यक्षिकासाठी एकट्या धाकट्याने न जाता आईलाही सोबत न्यावे, तिला मागील आसनावर दोनदा बसवून दोनदा उतरवावे आणि या वेळी कोणीही हात देऊ नये. बॅगा डिकीत ठेवाव्यात आणि एखादा चढ माणसे भरून चढावा. कोल्हापूरच्या फेऱ्या, आईचे गुडघे आणि खराब रस्ते यांचा विचार करता या विशिष्ट घराचा कौल उंच गाडीकडे झुकेल. आई नसती, तर कदाचित सिटीकडे. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच धाव असणाऱ्या घराने मात्र संकोच न करता साधी गाडी घ्यावी आणि वाचलेला पैसा दुकानात खेळता ठेवावा.

गाडीची किंमत एकदाच चुकती होते. तिच्यात बसणारी माणसे मात्र दहा वर्षे रोज चढतात आणि उतरतात. खतावणीत त्यांचे खाते उघडलेले नसते, म्हणूनच सही करण्यापूर्वी त्यांना विचारून घ्यावे.