स्टिकरला भुलू नका!

अ‍ॅडमिशन झाली, फी भरली, की घरोघरी पुढचा विषय ठरलेला असतो: लॅपटॉप. त्यात घरातल्या मुलाला किंवा मुलीला फोटोग्राफीचा नाद असेल, तर चर्चेची थेट वाटाघाट होते. ‘फोटो एडिट करायला साधा लॅपटॉप चालत नाही’ हे वाक्य आई-बाबांपुढे टाकलं जातं. बजेट ५० हजारांवरून ८० हजारांवर जातं. मग हप्त्यांचं गणित मांडलं जातं आणि शेवटी घरी येतो तो रंगीत दिवे लागणारा, अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप. त्यावर ‘प्रो’, ‘अल्ट्रा’, ‘क्रिएटर’ असं काही ना काही लिहिलेला स्टिकर असतोच.

जास्त पैसे मोजले म्हणजे फोटोसाठी जास्त चांगलं मशीन मिळालं, असं आपण धरून चालतो. पण फोटो एडिटिंगचं काम वेगळं आहे आणि गेमिंगचं वेगळं. गेममध्ये चित्र सेकंदाला शंभरदा बदलतं. फोटो स्थिर असतो, तिथे १४४ हर्ट्झच्या स्क्रीनचा काडीचा उपयोग नाही. तिथे रंग खरा दिसला पाहिजे, फाइल झटकन उघडली पाहिजे आणि चार वर्षांनी फोटो सापडला पाहिजे. हौशी फोटोग्राफरने कम्प्युटर घेताना पैसे या तीन गोष्टींवर आधी खर्च करावेत, बाकीचं नंतर. आमचं म्हणणं एवढंच आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करू. तुम्हाला कम्प्युटर खरंच हवाय का? फोनवर फोटो काढता, थोडा उजेड वाढवता, क्रॉप करता आणि इन्स्टावर टाकता, एवढंच असेल तर स्नॅपसीड किंवा लाइटरूमचं मोबाइल अ‍ॅप भरपूर झालं. कम्प्युटरची गरज लागते ती रॉ फाइल्स आल्यावर. जेपीईजीमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठवल्या जातात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. काळवंडलेल्या चेहऱ्यावर उजेड आणता येतो, पांढरं पडलेलं आकाश थोडंफार परत मिळवता येतं, ते या जास्तीच्या माहितीमुळे. पण ही माहिती जागा खाते. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरा. विसर्जन मिरवणुकीत ८०० फोटो काढले, तर झाले २० जीबी. एका दिवसाचे!

आता या ८०० फोटोंसोबत कम्प्युटर काय करतो, ते बघू. आधी कार्डवरून फोटो कॉपी होतात. मग तुम्ही एकेक बघून चांगले निवडता. निवडलेल्यांवर स्लायडर फिरवता. शेवटी ते एक्सपोर्ट करता आणि सगळं कुठेतरी जपून ठेवता. यातल्या प्रत्येक पायरीला मशीनचा वेगळा भाग कामाला लागतो.

कॉपी करणं आणि फाइल उघडणं हे स्टोरेजचं काम. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी ५००च्या आसपास आणि एनव्हीएमई एसएसडी त्याच्याही कितीतरी पट. म्हणून घरात जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्याला लगेच भंगारात काढू नका. त्यात एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून बघा. अनेकदा नव्या लॅपटॉपचा विषय तिथेच मिटतो.

एकामागून एक फोटो बघताना आणि एडिट करताना रॅम भरत जाते. अडोबी लाइटरूम क्लासिकसाठी किमान ८ जीबी आणि शक्यतो १६ जीबी रॅम सांगते. आपण ब्राउझरचे वीस टॅब आणि गाणी चालू ठेवूनच एडिट करणार, त्यामुळे १६ हाच आपला किमान आकडा समजा. अनेक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते. मॅकबुकमध्येही ती नंतर वाढवता येत नाही. ‘आत्ता ८ घे, पुढे वाढवू’ असं दुकानदार म्हणाला, तर दुसरा स्लॉट आहे का, हे बिल करण्याआधी विचारा.

एक्सपोर्टला प्रोसेसर लागतो. पण खरं सांगा, ५० फोटो एक्सपोर्ट व्हायला तीनऐवजी पाच मिनिटं लागली तर काय बिघडलं? तेवढ्यात चहा होतो. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला ती दोन मिनिटं महाग पडतील, कारण तो रोज हजारो फोटो काढतो. आपण त्याच्या गरजेचं मशीन आपल्या हौसेसाठी घेतो आणि फसतो.

ग्राफिक्स कार्डचंही तसंच. नेहमीच्या एडिटिंगला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालून जातं. वेगळं कार्ड खरं उपयोगी पडतं ते एआयच्या कामांना. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेलं डिनॉइज हे त्यातलं ठळक उदाहरण. तुम्ही पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांचे, अंधाऱ्या रंगमंचावरचे फोटो नेहमी काढत असाल, तर आयएसओ चढतो, फोटोत दाणे येतात आणि चांगलं कार्ड मिनिटांचं काम सेकंदांवर आणतं. त्यांनी जरूर घ्यावं. पण कास पठारावरची फुलं आणि गडावरचा सूर्योदय टिपणाऱ्यांनी ते पैसे दुसरीकडे लावावेत.

दुसरीकडे म्हणजे स्क्रीनवर. दुकानात सगळ्यात कमी चर्चा होते ती हिची, आणि आपण दिवसभर बघतो ती हीच. स्वस्तातल्या कित्येक लॅपटॉपच्या माहितीत बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. महागड्या लॅपटॉपमध्येही ते कधीकधी सापडतं. त्याचा अर्थ, इंटरनेटवर आणि बहुतेक प्रिंट लॅबमध्ये जी रंगांची मोजपट्टी चालते, त्या एसआरजीबीमधले साधारण ६० ते ६५ टक्केच रंग ही स्क्रीन दाखवू शकते. आता जेजुरीचा फोटो घ्या. भंडारा उधळलाय, सगळा गड पिवळाधमक झालाय. तुमच्या स्क्रीनवर मात्र तो पिवळा फिका दिसतो. तुम्ही सॅच्युरेशन वाढवता. अजून थोडं वाढवता. मग फोटो ग्रुपवर टाकता आणि मित्राच्या चांगल्या स्क्रीनच्या फोनवर भक्तांचे चेहरे काविळ झाल्यासारखे दिसतात! फोटो बरोबर होता, कॅमेरा बरोबर होता. स्क्रीनने तुम्हाला खोटं सांगितलं होतं. अशा स्क्रीनवर वर्षभर काम केलं की नजरच तशी बनते. शिकायच्या वयात हे नुकसान मोठं आहे.

म्हणून आयपीएस किंवा ओएलईडी स्क्रीन आणि ‘१०० टक्के एसआरजीबी’ किंवा त्याच्या जवळचा आकडा, एवढं बघाच. लॅपटॉपमध्ये ते बजेटबाहेर जात असेल, तर साधा लॅपटॉप आणि त्याला जोडायला २४ इंची चांगला मॉनिटर ही जोडी अनेकदा जास्त कामाची ठरते. आणखी एक फुकटचा सल्ला: ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट करू नका. लखलखीत स्क्रीनवर ठीक वाटणारा फोटो कागदावर काळपट येतो.

जुनं मशीन घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या दुकानात वापरलेले ऑफिसचे लॅपटॉप मिळतात आणि हौशी कामासाठी त्यातले काही उत्तम असतात. पण विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. विंडोज ११साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कुणी ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो म्हणाला, तर हात जोडा. त्यासोबत व्हायरस आला तर फोटोंसकट सगळंच जाईल. लाइटरूमचं भाडं परवडत नसेल, तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर्स अधिकृतपणे मोफत आहेत. शिकायला थोडा वेळ लागतो, पण चोरी करावी लागत नाही.

आता राहिला तिसरा मुद्दा, फोटो जपण्याचा. बजेट ठरवताना याला कुणी धरतच नाही. ८० हजारांचं मशीन घेतो आणि तीन वर्षांचे फोटो त्याच्या एकाच ड्राइव्हवर ठेवतो. लोकलमध्ये बॅग गेली, हॉस्टेलच्या खोलीत पावसाचं पाणी आलं, ड्राइव्ह बसला, की खेळ खलास. लॅपटॉप पुन्हा घेता येतो. आजीचा अंगणातला फोटो, कॉलेजची शेवटची ट्रिप परत काढता येत नाही. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम म्हणूनच पाठ करा: फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. शहरात शिकणाऱ्यांना हे दुसरं ठिकाण शोधावं लागत नाही. एक्सटर्नल ड्राइव्ह सुट्टीत गावी न्यायची, भरायची आणि आईच्या कपाटात ठेवून यायची. गुगलवर आहे ना सगळं, असं म्हणत असाल तर तिथे मोफत मिळतात १५ जीबी, तेही मेल आणि ड्राइव्ह धरून. वरची एक मिरवणूकसुद्धा त्यात मावत नाही.

या सगळ्यामागे प्रश्न फक्त मशीनचा नाही. ते पैसे बहुतेक वेळा आपले नसतात. बाबांच्या ओव्हरटाइमचे असतात, आईने भिशीत टाकलेले असतात. शिवाय सगळं बजेट लॅपटॉपमध्ये गेलं की वारीला जायला, भिगवणला पक्षी बघायला एसटीचे पैसे उरत नाहीत. हप्ता चालू आणि कॅमेरा कपाटात, असं चित्र कॅम्पसवर कमी नाही. मग हप्ता फेडायला नको असलेल्या ऑर्डरी घ्याव्या लागतात आणि नाद होता तो ओझं होतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ द्या. स्वतःचे ५० रॉ फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि वेगवेगळे लॅपटॉप असलेल्या दोन-तीन मित्रांकडे किंवा कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबमध्ये जाऊन ते एडिट करा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. काम अडलं की त्यात बघा, रॅम भरलीय, डिस्क शंभर टक्क्यांवर आहे की प्रोसेसर? जिथे अडलं तिथेच तुमचे पैसे लागणार आहेत. तो कागद आई-बाबांसमोर ठेवा: स्क्रीन, १६ जीबी रॅम, एसएसडी, एक्सटर्नल ड्राइव्ह, आणि उरलेल्या पैशांत प्रोसेसर आणि कार्ड. ‘मला लागतोच’ यापेक्षा ‘मला हे आणि एवढंच लागतं’ असं सांगणाऱ्या मुलांचं म्हणणं घरात लवकर पटतं. आणि वाचलेल्या पैशांतून पुढच्या आषाढीला वारीची वाट धरता येईल, कॅमेरा घेऊन.