फुकटचे गाणे

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असे आमचे अर्थशास्त्राचे सहकारी वर्गात शिकवतात आणि स्टाफरूममध्ये ऐकवतात. कॉलेजात शास्त्रीय गाण्याची बैठक, प्रवेश सर्वांस मोफत, अशी नोटीस लागली तेव्हा ते म्हणाले, "अहो, निदान दहा रुपये तिकीट ठेवा. नाहीतर येणार कोण?"

सांस्कृतिक मंडळ माझ्या गळ्यात. मराठीच्या मास्तराच्या गळ्यात ते पडतेच. गळा असो वा नसो.

हा फुकटचा उद्योग आमच्या तालुक्यात निघालेला नाही. किरण सेठ अमेरिकेत शिकत असताना त्यांनी न्यूयॉर्कला डागर बंधूंचे ध्रुपद ऐकले. पुढे ते दिल्लीच्या आयआयटीत शिकवू लागले आणि १९७७ साली त्यांनी 'स्पिक मॅके' सुरू केली. थोर कलावंतांनी शाळा-कॉलेजांत यावे, गावे, थोडे उलगडून सांगावे आणि मुलांकडून पैही घेऊ नये, असा तिचा परिपाठ. माणूस इंजिनिअरिंगचा! आम्हां भाषावाल्यांना हे सुचले नाही, एवढे नोंदवून पुढे जातो.

आमच्या नोटिशीवर वेळ होती सायंकाळी ६. दोन दिवसांनी तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले : 'शेवटची गाडी ५-४०.'

आमची बहुतेक मुले खेड्यांतून एस.टी.ने येतात, पासावर. ही गाडी चुकली की मुलगा कसाबसा कोणाच्या तरी मोटरसायकलवर जातो; मुलीला दुसऱ्या दिवशी घरून कॉलेजच बंद होण्याची धास्ती. म्हणजे आमचे मोफत गाणे कोणासाठी? गावात राहणाऱ्यांसाठी, ज्यांना तिकीटही परवडले असते.

मी प्राचार्यांकडे गेलो. "सर, बैठक सकाळी साडेआठला घेऊ."

"सकाळी? आणि तास?"

"माझे दोन्ही बुडवा."

"बरं. पण मग हजेरी घ्या. हॉल रिकामा दिसला तर पुढल्या वर्षी मला सांगू नका."

हजेरी घ्यायला मी नकार दिला. कोंडून घालून ऐकवलेले गाणे मुले जन्मभर टाळतात. कविता आम्ही तशीच शिकवतो, परिणाम तुम्ही पाहताच आहात.

गायकांना फोनवर वेळ सांगितली तर ते खूषच झाले. सगळी निमंत्रणे संध्याकाळची. त्यामुळे यमन, पूरिया धनाश्री, मारुबिहाग यांची चलती, आणि तोडी, जौनपुरी बिचारे घरच्या रियाजापुरते. भैरवी तेवढी सुटली, कारण तिला शेवटी गायची मुभा आहे.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, दारे उघडी ठेवली, भाषणे रद्द केली. तंबोरे जुळायला पाव तास लागला आणि तेवढ्यात दोन बाके भरतील इतकी मुले उठून गेली. मी दाराशी चपला मोजत उभा. प्राचार्यही एकदा डोकावून गेले. विलंबित तोडी सुरू झाली तेव्हा चपलांचा ढीग खाली बसला होता. पण द्रुत सुरू झाल्यावर वरच्या मजल्यावरचे तास सुटले, आणि पायरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

मग प्रश्न. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "सर, हा राग दुपारी गायला तर काय होतं?"

"काही नाही. पोलीस येत नाहीत," गायक म्हणाले. "रात्री दहानंतर उघड्यावर गायलो तर मात्र येतील." हसे पिकले, पण ती थट्टा नव्हे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद झाले. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले. तिथे पहाटेचे राग पहाटेच कानी पडत. शेजाऱ्यांची झोप मलाही मान्य आहे. पण दरबारी आणि मालकंसाने आता जेवणापूर्वीच उरकून घ्यावे लागते. मग गायकांनी त्या मुलीकडून तोडीचा गंधार म्हणवून घेतला. तिसऱ्या खेपेला तो इतका खाली, नेमका लागला, की तबलजींनी मान वर केली.

पुढल्या वर्षाला प्राचार्यांनी होकार दिला आहे. गायकांना या वेळी भैरव गायचा आहे. त्यासाठी सहाला बसायला हवे. पहिली गाडी येते ७-१० ला. आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहायला घेतला आहे. मराठीच्या माणसाला तेवढे येते.