अर्धा कोयता म्हणजे किती?

२०१७ साली 'दीक्षा' ॲप आलं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर धरला की गणिताचा आयता पाठ हजर. चांगलंय. ह्याच क्यूआर कोडांच्या कामासाठी परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार घेऊन गेले. म्हणजे पाठ वरूनच यावा लागतो असं नाही. झेडपीचा मास्तरही तो घडवतो.

मग आमच्या मराठवाड्यातला मास्तर नुसता बटण दाबणारा का राहावा? दिवाळीच्या सुमाराला आपली माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा. पोरानं अपूर्णांक तिथंच पाहिलाय! मुकादमाची उचल, तोडलेले टन, अंगावर राहिलेली बाकी. ही वजाबाकी त्याच्या घरात रोज रडते. आयत्या पाठात हा हिशेब कुठाय?

बाबासाहेबांनी १९५० साली ह्याच शहरात मिलिंद कॉलेज उभं केलं, ते दुसऱ्यानं चघळून दिलेलं गिळायला नाही. मास्तर, ॲप वापरा. पण पाठ वस्तीत बसून लिहा. ज्या पोराला उचलीचा हिशेब जमला, त्याच्या बापाला गंडवणं मुकादमाला जड जाईल.